काटा खालीच

मंगळवार, १५ जानेवारी १९५७

मोटारीवरची गोणपाटं आज इस्तारीनं ओढून काढली. आत मागच्या गादीवर कोंबडीची अंडी! आणि मी इतके दिवस शेजारच्या शकुबाईवर संशय घेऊन बसले होते. तिला सांगणार मात्र नाही.

इस्तारी माझा धाकटा. भद्रावतीकडे कोळशाच्या खाणीत विजेच्या तारा जोडतो. रजा टाकून आला. म्हणतो — माय, मोटार उभ्या उभ्या कुजून राह्यली. मी दुरुस्त करतो, मीच चालवतो. खाणीत नाई जात आता.

मी म्हटलं, कर. मला काय.

मोटार मोठ्याची, दसरूची. त्याआधी त्याच्या बापाची, आणि त्याच्याही आधी गावच्या जमीनदाराची, मालगुजाराची. मालगुजारी गेली तेव्हा मालगुजार नागपूरला निघून गेला, आणि जाताना जुनी मोटार आपल्या ड्रायव्हरला देऊन गेला. ड्रायव्हर म्हणजे माझा नवरा. आम्ही ढिवर, मासे धरणारे. ढिवराच्या दारात मोटार! गाव हसला. म्हणाले, डोंग्याले चाकं लावली. नवरा वारला, मग दसरू चालवायला लागला. आरमोरीहून गडचिरोली, गडचिरोलीहून आरमोरी. माणसं न्यायची, माणसं आणायची.

दिवाळीनंतर एक दिवस मोटार जंगलात उभी सापडली, नाल्याजवळ. दसरू नाही. पेट्रोलचा काटा पार खाली. पाटील म्हणाला, शिपाई म्हणाला — पेट्रोल संपलं, हा चालत निघाला, वाघानं नेला. त्या पट्ट्यात वाघानं आधी गुराखी नेलेच होते. झुडपात दुपट्टा सापडला. अंगावर त्या दिवशी नवा सदरा होता, तो नाही सापडला. बैल जुंपून मोटार घरी ओढत आणली.

झालं लिहून. अक्षर वाकडं येतं. बायांच्या वर्गातले गुरुजी म्हणतात, रोज दोन ओळी लिहा, काही पण लिहा, कोणी वाचणार नाही. कोणी वाचणार नाही म्हणूनच लिहिते. नाहीतर कशाला.


गुरुवार, १७ जानेवारी

स्टिअरिंगसमोरची फळी उघडली. पाच गोल काचा, प्रत्येकीत एक काटा. वेगाचा, तेलाचा, बिजलीचा, पाणी तापलं का ते सांगणारा, आणि पेट्रोलचा. पाचही मेलेले. वेगाच्या काट्याचं तर टोकच मोडलेलं.

फळीमागं उंदरानं घर केलेलं. तारांची वरची कातडी खाऊन टाकली. कापूस, चिंध्या, दसरूच्या पोरीच्या, बुधरीच्या झबल्याची नाडी — सगळा संसार तिथं! पिल्लं नव्हती. ती मोठी होऊन गेली असतील.

पेच हरवू नयेत म्हणून इस्तारीला सूप दिलं. एकेक पेच सुपात. मी बाजूला जाळं शिवत बसले. त्याचं एक विसकटलेलं, माझं एक विसकटलेलं.

तो म्हणतो — माय, दादा चालवत कसा होता? एक काटा बी धड नाई!

चालवायचा. वेग झाडांवरून कळे, तापली की वासावरून. पेट्रोल मोजायला बांबूची कमची होती, तिच्यावर खाचा पाडलेल्या. टाकीत बुडवायची, कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं. सीटखाली असायची ती. इस्तारीनं शोधली, नाही. किल्ली पण नाही. म्हणजे वाघानं माणूस नेला, किल्ली नेली, कमची नेली. हौशी वाघ!

किल्लीवाचून चालेल म्हणतो. दोन तारा बाहेर काढून ठेवल्या. टोकाला टोक लावलं की सुरू, काढलं की बंद.


शनिवार, १९ जानेवारी

चंदानं पाचही काचा राखेनं घासून दिल्या. चंदा म्हणजे सून, दसरूची बायको. जेवताना नात म्हणाली, भाजी खारट. चंदा म्हणाली, आत्या, मीठ दोनदा पडलं वाटते. मी तीच भाजी खाल्ली. मला खारट-अळणी काही कळलं नाही.


बुधवार, २३ जानेवारी

शकुबाई येऊन बसली. तिची जीभ माझ्यासारखीच, फक्त धार कमी.

म्हणाली — काऊन बाई, पोरगा वाघाच्या पोटात अन् तू मोटारीच्या काचा पुसून राह्यली?

मी म्हटलं — तुझा पोरगा घरी बसून तुझंच रक्त पिते. वाघ परवडला.

गप होईल ती शकुबाई कसली. जाता जाता बोललीच — डोळ्यात पाणी नाई तुझ्या. पुतळा जाळला तेव्हा बी नव्हतं. लोक बोलतात.

लोक खरं बोलतात. नव्हतंच.

प्रेत सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला आग देतात. डोक्याच्या जागी नारळ. हात, पाय, छाती सगळी पानांची, वर दोरा गुंडाळायचा. भटजींना गाठी नीट येईनात. पान निसटे, हात गळून पडे. शेवटी मीच बसले. जन्मभर जाळी विणली, मला गाठी येणार नाहीत तर कोणाला! छान झाला. इतका छान झाला की चंदा बघवेना म्हणून उठून गेली. मी नारळाला तेल लावलं. लहानपणी दसरूच्या टाळूला लावायची तसं. वैनगंगेच्या वाळूत ठेवला, इस्तारीनं आग दिली. ओला पळस, धूर फार झाला. सगळ्यांच्या डोळ्यात पाणी आलं, माझ्या तेवढ्यानंही नाही.


सोमवार, २८ जानेवारी

नानाजी आले होते, आमच्या जातीतले पंच. पायरीवर बसून तंबाखू मळत मळत विषय काढला. चंदा जवान आहे, पोर लहान आहे, इस्तारीचं लग्न व्हायचं आहे — दिराशी पाट लावून द्या. विधवेचं असं दुसरं लग्न लावायची आमच्यात रीत आहे. नवीन काही नाही.

म्हणाले — माणूस मेला हे नक्की, पुतळा बी जाळला, म्हणून पंचायतीची काही हरकत नाई. नुसता निघून गेला असता तर मंग पंचाईत होती, बाई. जित्या माणसाच्या बायकोचा पाट कोण लावन? बारा बारा वर्षं वाट पाहत बसा लागते.

इस्तारी मोटारीखाली होता. नुसते पाय दिसत होते. पाट म्हटल्यावर पाय एकदम आत घेतले. गाढव!

नानाजींनी चंदाला विचारलं, तुझं काय? म्हणे, आत्या म्हणतील तसं.

नानाजी गेल्यावर मी तिला चुलीपाशी गाठलं. आत्या म्हणतील तसं म्हणायला मी काय पाट लावून घेणार आहे? खरं सांग, इस्तारी आवडते का तुले?

ती भाकरी थापत होती. वर बघितलं नाही. म्हणाली — तो घरी येते, आत्या.

काय उत्तर! आवडतो का विचारलं, तर म्हणे घरी येते. बैलही येतो.


शुक्रवार, १ फेब्रुवारी

वेगाच्या काट्याची तार चाकापासून येते. वाळून कडक झालेली. टोरीचं तेल मागितलं इस्तारीनं. दिव्यासाठी मोहाच्या बियांचं काढून ठेवलेलं होतं, ते दिलं. आता मोटारीला मोहाचा वास येतो. अस्वल मागं लागेल म्हटलं. हसला. खूप दिवसांनी घरात कोणी हसलं. मी बघत बसले, हसताना माणूस कसा दिसतो ते.

मोडक्या काट्याच्या जागी मी बांबूची काडी तासून दिली, केसाएवढी बारीक. इस्तारीनं ती बसवली आणि म्हणाला, लाल रंग पाहिजे, पांढऱ्यावर दिसन नाई. घरात काही तांबडं आहे का?

मी म्हटलं, मिरची.

चंदा आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात कुंकवाचा करंडा. तिनं तो काढून ठेवला होता, उतरंडीमागं. तो इस्तारीपुढं ठेवला आणि शेण काढायला गेली. इस्तारी करंड्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो. मी म्हटलं, बघतो काय, डिंक घाल त्यात आणि रंगव.

काटा लाल झाला. करंडा मी परत उतरंडीमागं नाही ठेवला. घरात भिंतीच्या फळीवर ठेवला, समोर.


मंगळवार, ५ फेब्रुवारी

आरमोरीहून बॅटरी भरून आणली बैलगाडीतून. बिजलीचा काटा हलला! बुधरीनं टाळ्या पिटल्या. पाट शुक्रवारी, १५ तारखेला ठरला.


शनिवार, ९ फेब्रुवारी

चार काटे जिवंत झाले किंवा होतील. तेलाचा आणि पाण्याचा इंजिन चालल्यावर कळणार. अडलं आहे ते पेट्रोलच्या काट्यावर. तार नवी, बॅटरी भरलेली, तरी काटा तळाला जाऊन बसलेला. म्हशीसारखा.

इस्तारी म्हणाला, दोष मागं असन, टाकीत. मागच्या गादीखालचं झाकण खोललं. आतून एक वाकडी तार ओढून काढली, टोकाला बूच.

— हे पाह्य माय. पेट्रोल वर तर बूच वर. बूच वर तर काटा वर. साधं काम आहे.

मी बूच हातात घेतलं. जड! गच्च भिजलेलं. जुन्या जाळ्याचा तरंगा असा होतो. वरची लाख उडाली की लाकूड पाणी पितं, आणि मग जाळ्याची वरची कड खाली बसते, मासे डोक्यावरून निघून जातात. आमच्यात लेकरालाही कळतं ते.

— हे तरंगत नाई, इस्तारी. हे बुडालं आहे.

— कधी बुडालं असन?

— मालगुजाराच्या वेळचं दिसते.

तो म्हणाला, म्हणजे टाकी भरली तरी काटा खालीच! आणि हसायला लागला. मीही म्हटलं, हो, खालीच. दोघं मूर्ख. तेव्हा डोक्यात काही आलं नाही, त्याच्याही आणि माझ्याही.

तो टाकीच्या भोकात डोळा लावून बसला. आत काळोख. काडी ओढून बघायची सोय नाही, घरासकट जाऊ. मी म्हटलं, आत काही असन का? म्हणतो, वास असन. पेट्रोल असतं तर दादाची मोटार थांबली काऊन असती?

दुपारी नवा तरंगा केला. पांगाऱ्याचं हलकं लाकूड जाळ्यासाठी ठेवलेलंच असतं. तेवढाच गोल तासला. परसात, मोटारीपासून लांब, निखाऱ्यावर लाख वितळवली आणि तीन हात दिले. नख मारून बघितलं. मोती!


रविवार, १० फेब्रुवारी

आज लिहायचं आहे ते नीट लिहिते.

सकाळी इस्तारीनं नवा तरंगा तारेला बसवला. टाकीत घालायच्या आधी हातात धरून बघू म्हणाला. मला पुढं बसवलं, दसरूच्या जागी. मी त्या जागेवर कधी बसले नव्हते. नवऱ्याच्या वेळी नाही, पोराच्या वेळी नाही. दोन तारा टोकाला टोक लावून धर म्हणाला. धरल्या.

तो मागं उभा. तरंगा हातानं वर उचलला. ओरडला — आता?

काटा उठला. सरळ वर गेला, पोर अंथरुणातून उठावं तसा.

— वर!

— आता?

— खाली!

— आता?

— अर्ध्यावर!

बरोबर रे माय, अर्ध्यावरच धरला! असं म्हणून त्यानं गादीवर थाप मारली. बुधरी माझ्या मांडीवर चढून वर, खाली, वर, खाली ओरडायला लागली. चंदा दारातून बघत होती. मग तिनं बुधरीला उचलून आत नेलं.

मग इस्तारीनं तार टाकीत सोडली, झाकण आवळलं. पुन्हा ओरडला — माय, तारा लाव. पाह्य, खालीच आहे ना?

मी तारा लावल्या.

काटा उठला. अर्ध्यापाशी आला आणि थांबला. हलला नाही.

— माय? खालीच ना?

काच स्वच्छ होती. चंदानंच घासलेली. मला चांगलं दिसत होतं.

मी म्हटलं — खालीच.

आणि तारा सोडल्या. तो हात पुसत पुढं आला तोवर काटा झोपला होता. म्हणाला, झालं मंग! उद्या आरमोरीहून डबाभर पेट्रोल आणतो, ओततो, अन् सुरू.

तो नदीवर गेला, मी तिथंच बसले. पुन्हा तारा लावल्या. अर्ध्यावर. सोडल्या, लावल्या. अर्ध्यावरच.

अर्धी टाकी! तेवढ्यात गडचिरोलीला जाऊन परत येता येतं. मग जंगलात पेट्रोल संपलं कसं?

नाही संपलं.

पाचही काटे मेलेले आहेत हे दसरूला माहीत होतं. पाटलाला नव्हतं, शिपायाला नव्हतं. ते काट्याकडे बघून बोलले आणि मी मान हलवली. भाड्यावर जाताना नवा सदरा कोण घालतं? किल्ली खिशात घालून वाघाच्या तोंडी कोण जातं? दुपट्टा काय, काट्यात अडकतो. तो मोटार उभी करून, किल्ली काढून, उतरून गेला. मागच्या उन्हाळ्यात तेंदूच्या ठेकेदाराची माणसं घेऊन सिरोंच्याकडे जायचा, दोन दोन रात्री यायचा नाही. विचारलं की म्हणे, रस्ता खराब. रस्ता नव्हता खराब.

माझा पोरगा जिवंत आहे.

हे लिहून बघितलं. काही झालं नाही. पुन्हा लिहिते. जिवंत आहे. कुठं तरी नवा सदरा घालून कोणाच्या हातचं जेवत असेल. आणि मी नारळाला तेल लावलं.

आता नानाजीला सांगायचं तर पाट मोडला. चंदा बारा वर्षं उतरंडीकडे बघत बसेल. इस्तारी भावाला शोधायला सिरोंच्याला जाईल, तो तसाच आहे. बुधरीला लोक काय म्हणतील ते मी आत्ताच म्हणून दाखवू शकते. आणि न सांगायचं तर उद्या इस्तारी डबा ओतणार, काटा अर्ध्याच्याही वर जाणार, आणि तो विचारणार.

टाकीच्या बुडाशी एक नट आहे. इस्तारीनंच दाखवला होता, गाळ काढायचा. तो उद्या सकाळीच आरमोरीला जाणार.

पाना सुपात आहे.


सोमवार, ११ फेब्रुवारी

इस्तारीची बैलगाडी वळली तशी मी पाना घेऊन मोटारीमागं गेले. चंदा आधीच तिथं. टाकीखाली घमेलं लावलेलं, पदर खोचलेला.

मी म्हटलं — तू इथी काऊन?

तिनं मला बांबूची कमची दाखवली. खाचांची, दसरूची. म्हणाली — बैलांनी ओढत आणली त्याच दिवशी मी ही टाकीत घातली होती, आत्या. अर्ध्यापर्यंत ओली निघाली.

— अन् पुतळा जाळला तेव्हा? बांगड्या फोडल्या तेव्हा?

— फोडू दिल्या. नवरा मेलेलीले पाट लागते. टाकलेलीले काय लागते?

मी तिच्या हातात पाना दिला. माझ्या मनगटात तेवढा जोर नाही. दोघींनी घमेली भरभरून उकिरड्यामागच्या खड्ड्यात ओतली, वर माती, वर शेण. कमची चुलीत गेली. लगेच पेटली.

दुपारी इस्तारीनं डबा ओतला. काटा बोटभर उठला. माय, पाह्य! पाह्य! म्हणून अंगणभर नाचला.

जेवायला बसलो. भाजी खारट होती. पहिल्याच घासाला कळलं.